सव्वासातचा तास आणि रिकामे पोट

बीबीएला नेमके काय शिकवतात, हा प्रश्न आरोग्य शिबिरात पालक आम्हाला हमखास विचारतात. मुलगी पुण्याला शिकते एवढे माहीत असते, फी किती भरली तेही पाठ असते. पण ती दिवसभर काय करते, कधी उठते, कधी जेवते, याचा पत्ता नसतो. डॉक्टर, वकील, इंजिनीअर यांचे शिक्षण डोळ्यांसमोर उभे राहते. व्यवसाय प्रशासनाच्या पदवीचे तसे नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही औषधाआधी वेळापत्रक मांडतो आहोत. वसतिगृहांत आणि कॉट बेसिसच्या खोल्यांत तपासणीला गेल्यावर जी दुखणी आमच्यासमोर येतात, त्यांतली बरीचशी या वेळापत्रकातूनच आलेली असतात.

पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांत बीकॉम आणि बीबीएचे वर्ग सकाळी भरतात. पहिला तास सात-सव्वासातला आणि सुटी साडेअकरा-बाराला. इमारत एकच असते, दुपारी तिथे दुसरे वर्ग बसतात. शिवाय वाणिज्य शाखेत नोकरी करून शिकणारे पूर्वीपासून जास्त, त्यांना सकाळ सोयीची. पहिल्या वर्षाला व्यवस्थापनाची तत्त्वे, हिशेब, अर्थशास्त्र, बिझनेस कम्युनिकेशन, थोडे गणित. पुढे मार्केटिंग, मनुष्यबळ, फायनान्स, कायदा, कर. मध्ये मध्ये केस स्टडी, ग्रुप प्रोजेक्ट, कंपनीला भेट, इंटर्नशिप. पंचाहत्तर टक्के हजेरीची टांगती तलवार असतेच. आणि सगळ्यांत मोठे संकट म्हणजे प्रेझेंटेशन. वर्गासमोर उभे राहून, पडद्यावर स्लाइड लावून, इंग्रजीत पाच-दहा मिनिटे बोलायचे, तेही शक्यतो फॉर्मल कपड्यांत. त्यावर अंतर्गत गुण मिळतात.

(बारावीतल्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. २०२४-२५ या वर्षापासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो परिषदेच्या कक्षेबाहेर ठेवला. तेव्हा बारावीच्या निकालाची वाट पाहत बसू नका, आधीच चौकशी करा.)

आता हेच वेळापत्रक पोटाच्या बाजूने वाचू. मेसचे रात्रीचे जेवण आठ-साडेआठला होते. सकाळी साडेपाचला उठून बाथरूमच्या रांगेत उभे राहायचे, सहा-सव्वासहाची बस पकडायची. मेसचा नाश्ता आठला, म्हणजे तो यांच्या नशिबी नाही. स्टॉपवर एक चहा, फार तर क्रीमरोल. दोन तासांच्या मध्ये कँटीनला जावे तर दहा मिनिटांची सुटी आणि तीस-चाळीस रुपयांची प्लेट. मग दुपारी साडेबाराला पहिला घास. रात्रीच्या जेवणापासून मोजले तर सोळा तास होतात. आठवड्यातून एखाद्या दिवशी असे झाले तर तरुण शरीर सहज निभावून नेते. इथे ते सोमवार ते शनिवार चालते, आणि तेही तीन-चार वर्षे.

गंमत म्हणजे, या सव्वासातच्या तासाला शिकवतात काय, तर मास्लो. अब्राहम मास्लो हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या गरजांची उतरंड त्यांनी १९४३ मध्ये मांडली आणि जगभरच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ती त्रिकोणाच्या आकृतीने छापली जाते. सगळ्यांत खाली अन्न, पाणी, झोप. त्याच्यावर सुरक्षितता, मग आपलेपणा, मग प्रतिष्ठा आणि टोकाला स्वतःतल्या गुणांचा पूर्ण विकास. खालची गरज भागली की माणूस वरच्या गरजेकडे वळतो, असा त्याचा साधा अर्थ. फळ्यावरचा तो त्रिकोण मुली वहीत पट्टीने नीट उतरवून घेतात. त्या वेळी खालच्या पायरीवरचे अन्नही झालेले नसते आणि झोपही.

दुसरा धडा हॉथॉर्नचा. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रयोग झाले. टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवले, विश्रांतीच्या सुट्या दिल्या, एका टप्प्यावर सकाळच्या सुटीत कंपनीने खाणेही दिले. उत्पादन वाढत गेले. नंतर सवलती काढून घेतल्या तरी ते फारसे घटले नाही, म्हणून पुस्तके निष्कर्ष काढतात की माणसाकडे लक्ष दिले की तो चांगले काम करतो. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, तो प्राध्यापक मंडळींनी घालावा. आम्हाला त्या सकाळच्या खाण्याचे अप्रूप वाटते. शंभर वर्षांपूर्वी एका कंपनीला आपल्या नफ्यासाठी का होईना, ते द्यावेसे वाटले. तोच धडा शिकवणाऱ्या महाविद्यालयाला नऊ वाजता वीस मिनिटांची सुटी ठेवायला काय हरकत आहे?

आता मुख्य मुद्दा. गुणपत्रिकेत किंवा शिक्षकांच्या बोलण्यात आमच्या मुलामुलींबद्दल एक शेरा फार येतो: ‘कॉन्फिडन्स नाही.’ प्रेझेंटेशनला उभी राहिली की हात थरथरतात, तोंड कोरडे पडते, छातीत धडधडते, लक्षात असलेले विसरते. हळूहळू मुलगीही तेच म्हणू लागते, माझ्यात कॉन्फिडन्सच नाही. घरी फोनवर सांगते, हे क्षेत्र आपल्यासाठी नाही. एखादी सोडून परत जाते.

आम्ही परिचारिका आहोत. थरथरणारा हात पाहिला की आम्ही आधी नाडी बघतो, मग डोळ्याची खालची पापणी ओढून रंग बघतो, नखे बघतो, आणि विचारतो, सकाळी काय खाल्ले? रात्री किती झोपलीस? पाळीला रक्तस्राव किती दिवस जातो? जिना चढताना दम लागतो का? उत्तरे ऐकली की बऱ्याचदा कळते, शेरा स्वभावावर मारला गेला, पण दुखणे रक्तात आहे.

नीट समजून घेऊ. एक वेळ उपाशी राहिल्याने निरोगी तरुणाची साखर धोकादायक खाली जात नाही, यकृत साठवलेली साखर सोडून सांभाळून घेते. पण भीतीच्या वेळी शरीरात जे अॅड्रेनलिन सुटते, त्यानेच धडधड आणि थरथर होते. उपाशीपोटी घेतलेल्या दोन कप चहाने त्यात भर पडते. त्यात रक्त कमी असेल तर हृदय आधीच जोरात धावत असते. पाच तासांच्या झोपेने आठवण आणि एकाग्रता उणावलेली असते. हे सगळे एकत्र झाले की जी स्थिती होते, तिला वर्गात कॉन्फिडन्स नसणे म्हणतात. सगळ्यांचे सगळे यातच येते असे आम्ही म्हणत नाही. भीती खरी असते, इंग्रजीची अडचण खरी असते, वर्गात एकटे पडणेही खरे असते. पण आधी रक्त तपासा, मग स्वभावाला नाव ठेवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के आढळले. म्हणजे प्रेझेंटेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलींपैकी निम्म्या या हिशेबात येऊ शकतात. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली गेले तर तो रक्तक्षय. मुलगे यातून सुटलेले नाहीत, फक्त त्यांना कुणी तपासायला सांगत नाही.

इंग्रजीबद्दलही बोलले पाहिजे, कारण तिचाही ताण शरीरावर येतो. मराठी माध्यमातून बारावी केलेल्या मुलांना हिशेब येतो. रोजकीर्द, खातेवही, तेरीज, ताळेबंद, घसारा हे शब्द त्यांना पक्के माहीत असतात. पदवीच्या पहिल्या आठवड्यात तेच जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट आणि डेप्रिसिएशन होऊन समोर येतात आणि मूल गोंधळते. येत असलेला विषय येईनासा वाटतो. यावर काही मुलींनी शोधलेला उपाय आम्हाला आवडला. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. दोन महिन्यांत ते पान भरले आणि भीती बरीच ओसरली. प्रेझेंटेशनही त्या आदल्या रात्री खोलीत मोठ्याने दोनदा बोलून बघतात. मनातल्या मनात वाचलेले समोर उभे राहिल्यावर जिभेवर येत नाही.

आणि हे क्षेत्र आपल्यासाठी नाही, असे जिला वाटते तिने एवढे ध्यानात ठेवावे. बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि सिडनहॅम हे वाणिज्याचेच महाविद्यालय. पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. तेव्हा ताळेबंदाशी आपले नाते जुने आहे.

डबा, मेस आणि अंडे

जेवण बिघडते ते निव्वळ वेळेमुळे नव्हे, पैशांमुळेही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले, त्यातले ३२,००० भोजनासाठी. भागाकार केला तर दिवसाला ८८ रुपयेही भरत नाहीत. आणि ही रक्कम महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाही. शिष्यवृत्तीचेही तेच. हिशेबाच्या पुस्तकात याला येणे उत्पन्न म्हणतात, ताळेबंदात ते मालमत्तेच्या बाजूला दिसते. मेसवाल्याला ताळेबंद दाखवून चालत नाही, त्याला एक तारखेला रोख लागते. मग मुले काय करतात? दोन वेळची मेस एक वेळची करतात. फी, झेरॉक्स, बसचा पास, प्रोजेक्टची वर्गणी, प्रेझेंटेशनचे बूट यांपैकी काहीच टाळता येत नाही. टाळता येते ते फक्त जेवण, कारण त्याची नोंद कुठे होत नाही.

त्यात पुण्यातल्या कित्येक खोल्यांत ‘शुद्ध शाकाहारी’ अशी अट असते. अंडे उकडले तरी मालकीणबाईंना वास येतो. मुली अंडी बाहेर टपरीवर खातात, टरफल पिशवीत घालून लांब नेऊन टाकतात. घरी सुकट, बोंबील, जवळा, वजडी, काळीज खाऊन वाढलेली मुलगी इथे साबुदाणा आणि बटाट्यावर दिवस काढते. काळजात लोह भरपूर असते आणि ते शरीरात चांगले शोषले जाते. सुकी मासळी म्हणजे स्वस्त प्रथिने. आपल्या आयांनी जे शिजवले, त्याची लाज वाटावी असे त्यात काही नाही. खोली घेताना हे स्पष्ट विचारून घ्यावे, आणि दोघी-तिघींनी मिळून अशी अट नसलेली खोली शोधावी.

सकाळसाठी आम्ही एवढेच सुचवतो. रात्रीच मूठभर शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा कागदात बांधून बॅगेत ठेवा. एक केळे. जमेल तिथे उकडलेले अंडे. रात्रीची चपाती उरली असेल तर तिला चटणी लावून गुंडाळी करा. पहिला तास संपला की वर्गात बसूनच खा, कुणी हसले तर त्यालाही दोन दाणे द्या. चहा खाण्याबरोबर घेऊ नका, तासभर अंतर ठेवा, कारण चहाने अन्नातले लोह शोषले जात नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी ते जास्त शोषले जाते. मेसच्या पालेभाजीवर लिंबाची फोड मागून घ्यावी, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

मुलींचा आणखी एक प्रश्न आहे. महाविद्यालयातले स्वच्छतागृह अस्वच्छ, कडी नाही, नळाला पाणी नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारपर्यंत डोके दुखते, लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. जळजळीबरोबर थंडी-ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखू लागले तर घरगुती उपाय बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, संसर्ग मूत्रपिंडाकडे चढलेला असू शकतो. स्वच्छतागृहाची तक्रार एकटीने तोंडी केली की विरून जाते. वर्गातल्या सगळ्या मुलींच्या सह्यांचे पत्र प्राचार्यांना द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. पत्र कसे लिहायचे हे बिझनेस कम्युनिकेशनमध्ये शिकवतातच, तेवढा उपयोग होऊ द्या.

दुपारनंतरचा दिवस

बारा वाजता सुटल्यावर अनेकांचा दुसरा दिवस सुरू होतो. कुणी सीएच्या ऑफिसात टॅलीवर नोंदी करते, कुणी मॉलमध्ये काउंटरवर सहा तास उभी असते, कुणी रात्री साडेबारापर्यंत घरोघर जेवणाची पार्सले पोचवतो आणि स्वतः वडापाव खातो. काही जण विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम करतात. काम करण्यात कमीपणा नाही, आणि या कामातून जे शिकायला मिळते ते पुस्तकात नसते. ग्राहकाशी बोलायची भीती मॉलमध्येच जाते. पण झोपेचे काय? या वयाला सात तास तरी हवेत. दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते. झोप कापून केलेला अभ्यास भोक पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखा होतो. रात्री उशिरा काम असेल तर दुपारी अर्धा-पाऊण तास पडावे. डोळ्यांवर झोप असताना दुचाकी चालवू नये, हे पार्सल पोचवणाऱ्या मुलांना आम्ही हात जोडून सांगतो.

ज्यांचे मन बरेच दिवस उदास राहते, झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही किंवा जगणे नको वाटते, त्यांनी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. खोलीतल्या मैत्रिणीने असे काही बोलून दाखवले तर थट्टेवारी नेऊ नका, तिला एकटी सोडू नका, तिच्या शेजारी बसून फोन लावून द्या.

शेवटचे, पण फार महत्त्वाचे, विदर्भातून आलेल्या मुलामुलींसाठी. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत सिकलसेलचा आजार आहे. आदिवासी समाजात तो आहे, तसाच आपल्या समाजातही आहे. तो आईवडिलांकडून येतो, संसर्गाने होत नाही. त्यातही रक्त कमी होते, पण लोहाच्या गोळ्या हा त्यावरचा उपाय नव्हे. सांधे आणि हाडे ठणकतात, डोळे पिवळट दिसतात, वारंवार ताप येतो. पाणी कमी पिणे, थंडी, जागरण आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणजे या सकाळच्या वेळापत्रकात जे जे घडते, नेमके तेच. घरात कुणाला हा आजार असेल किंवा कधी तपासणीच झाली नसेल, तर पुण्या-मुंबईला जाण्याआधी गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. ती तिथे मोफत होते. आधी साधी चाचणी होते आणि तिच्यात काही आढळले तर इलेक्ट्रोफोरेसिस होते, त्यातून वाहक की रुग्ण ते कळते. कार्ड मिळाले तर ते जवळ ठेवा. रुग्ण असाल तर वर्गशिक्षकांना आणि खोलीतल्या एकाला सांगून ठेवा.

बाकीच्यांनी सत्र सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. लोह कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले तर तिथे गोळ्या मोफत मिळतात. त्या जेवणानंतर पाण्याबरोबर घ्याव्यात, चहा किंवा दुधाबरोबर नको. शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत. मळमळले तर झोपण्यापूर्वी घ्याव्यात. महिन्याने पुन्हा रक्त तपासावे, आणि आकडा बारावर गेला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या चालू ठेवाव्यात, साधारण तीन महिने, म्हणजे शरीरातला साठा भरतो. तपासणीची चिठ्ठी हॉल तिकिटाच्या फाइलमध्येच ठेवा, तिथे ती हरवत नाही.